विभाजन नको

मिरजगावच्या गिरणीवाल्या राधाकृष्णांना सगळं चालायचं, एक वाटणी सोडून. धाकटा भाऊ सुनील सुप्याला कंपनीत लागला, तिथंच बिऱ्हाड केलं आणि जमिनीतला हिस्सा मागू लागला. राधाकृष्णांनी दाद दिली नाही. आई झुंबरबाई होती तेव्हा तिच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी रेकॉर्ड करून लॅपटॉपात ठेवल्या होत्या. त्यांचीसुद्धा कॉपी सुनीलला दिली नाही. ऐकायचं तर घरी ये! आणि तोंड वाकडं करून का होईना, तो दर रविवारी आईच्या आवाजासाठी यायचा.

पण लॅपटॉप पार थकला. पुण्यात शिकणारा भाचा कल्याण म्हणाला, "मामा, विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स टाका, हलकी प्रणाली हाय. लई पळंल." लिनक्स भरलेला पेनड्राईव्हही धाडला त्यानं.

लॅपटॉप पेनड्राईव्हकडे ढुंकूनही बघेना. कल्याण फोनवर म्हणे, सिक्युअर बूट बंद करा. जन्म चपलांत गेलेला माणूस, बूट कुठले बंद करणार? एक बटण दाबलं की निळा पडदा, दुसरं दाबलं की पुन्हा तेच विंडोज. घामाघूम झाल्यावर एकदाचं लिनक्स लागलं. "आता फुडं मराठीत येतंय, वाचून करा," म्हणत कल्याण लेक्चरला पळाला.

मराठी आली ती अशी: 'डिस्कचे विभाजन करून दोन्ही प्रणाली ठेवा' किंवा 'संपूर्ण डिस्क वापरा'. विभाजन? म्हणजे इथंही वाटणीच की! राधाकृष्णांचं टाळकं सटकलं. खाली लाल अक्षरांत आणखी काही होतं, ते वाचतो कोण?

"आमच्यात विभाजन न्हाई," असं त्या यंत्राला सुनावून त्यांनी 'संपूर्ण'वर क्लिक केलं.

लॅपटॉप खरंच पळू लागला. ओव्या मात्र सापडेनात. घाबरून कल्याणला फोन लावला.

"मामा, सगळं पुसलं गेलं. विभाजन केलं असतं तर जुनं जाग्यावर राहिलं असतं."

वाटणी केली तर राहतं आणि अखंड ठेवलं तर जातं? हा कुठला न्याय? राधाकृष्णांना काही उमगेना, नुसतं रडू येत राहिलं.

रविवारी सुनील आला, चहा प्याला, भिंतीला टेकून बसला. "लावा दादा आईला."

राधाकृष्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सुनील चिडला नाही. उठून चपला पायात सरकवताना एवढंच म्हणाला, "मग आता मी कशापायी येऊ, दादा?"

"वाटणीला ये," राधाकृष्ण बोलून गेले. हे रागानं म्हटलं की काकुळतीनं, त्यांचं त्यांनाच कळेना.