चाल लिहिणारा कंडक्टर

खाकी कपडा दिसला की आजही मी दाराला कडी घालते. आणि गंमत अशी की आमचे मालक स्वतःच खाकीतले. बुद्धभूषण, एसटीत कंडक्टर. कोल्हापूर–हुपरी गाडीवर त्यांनी बारा वर्षं तिकिटं फाडली.

सुट्टीच्या दिवशी भीमगीतं. गाण्याचे शब्द यांचे, चाल सिनेमाची, ही आमच्याकडची जुनीच रीत. वहीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहायचं आणि पुढं सिनेमा, साल, गाणाऱ्या बाईचं नाव. म्हणजे दुसऱ्या गायकाला कळतं, गाणं कसं उचलायचं ते. यात लपवायचं काय, असं कुणालाच कधी वाटलं नाही. यांचा तर त्यात भारीच कटाक्ष. एकदा साल चुकलं म्हणून छापून आलेली गाण्याची दोनशे पत्रकं रद्दीत घातली. मी म्हणाले, “साल बघून कोण नाचतंय हितं?” तर दोन दिवस अबोला.

२००३ साली जेवताना टीव्हीवर अमेरिकेतल्या काळ्या पोरांचं गाणं लागलं. गाणं कसलं, ठेक्यातलं भांडणच ते. पण मागं आपल्याच जुन्या सिनेमातल्या बाईचा आलाप, तोच तोच फिरत होता. हे ताटावरून उठले.

“क्रांती, ऐक की! आमी नुसती चाल घेतो, ह्यांनी तर आख्खी बाईच उचलली! आन् बोलत्यात बघ कसं. आपल्यागत गावकुसाभायरची माणसं हायत ही.”

झालं, खूळ डोक्यात बसलं. लक्ष्मीपुरीत यांच्या ओळखीच्या कृष्णातचा कॉम्प्युटरवरचा स्टुडिओ होता. तिथं एका सिनेमाच्या गाण्यातला एवढासा तुकडा कापून गोल फिरवला आणि त्यावर हे ठेक्यात बोलले. पुढच्या वर्षीच्या जयंतीला तीनशे कॅसेटी निघाल्या. कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली नेहमीप्रमाणे, ‘चाल व तुकडा’ म्हणून सिनेमा, साल, गायिका. गाण्याची मालकी असलेल्या कंपनीचं नावसुद्धा! बिंदू चौकात ती वाजली तेव्हा मीही मान ताठ करून उभी होते. खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात बातमी आली. कंपनीच्या माणसांनी पोलीस घेऊन कृष्णातच्या स्टुडिओवर धाड घातली. कॉम्प्युटर नेला, कृष्णातलाही नेलं. त्याच आठवड्यात यांनी कुठंतरी वाचलं की तसल्याच एका परदेशी गाण्यावरसुद्धा कोर्टात केस झाली आहे.

“आमेरिकेतल्याला सोडत न्हाईत, आमी कोण?” एवढंच बोलून हे भिंतीला टेकून बसले.

नोकरदार माणूस अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबन, हे डेपोत सगळ्यांना पाठ. आमच्या घरात दोन मुली, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि हा एकच पगार. बाहेर कुणी सायकल टेकवली तरी यांचा हातातला घास खाली यायचा. गाडीवर हुपरीच्या माणसाला भलत्याच गावचं तिकीट देऊन शिव्या खाऊन आले. मी रागानं बोलायचे, पण भीती मलाच जास्त होती.

“कव्हरावरची ती ओळ तरी खोडा,” मी म्हणाले.

“न्हाय. नाव खोडलं की ती चोरी. नाव हाय तवर मागून आणल्यागत हाय.”

“मागितलं कुणाला?”

त्यावर हे उठून तिकिटांची पेटी पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर गेले आणि मी पलंगाखालचं खोकं ओढलं. एकशेचाळीस कॅसेटी उरल्या होत्या. जाळून टाकाव्यात तर कव्हरावर बाबासाहेब. त्यांना चुलीत घालायचं? तसलं करायला आमच्या घरात कुणाचा हात उठायचा नाही. मग मुलीचं काळं स्केचपेन घेतलं आणि दुपारभर बसून प्रत्येक कव्हरावरची ती ओळ काळी केली. खोकं होतं तसं सरकवलं. यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी दारात जीप थांबली. दोन हवालदार आणि मुंबईहून आलेला कंपनीचा साहेब. साहेब सभ्य होता, चहासुद्धा घेतला. कृष्णातकडची कॅसेट खिशातून काढून म्हणाला, “आमच्याच कंपनीचं नाव छापलंय तुम्ही. चोर असं करत नाही. तुम्हाला कळलेलंच नाही काय केलंत ते. कॅसेटी द्या, माफी लिहून द्या, विषय संपला.”

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात हे आनंदानं उठले.

“व्हय साहेब! घरातल्याबी तशाच हायत. बघा की, म्या कदी काय लपवलं न्हाय.”

आणि स्वतःच्या हातानं खोकं ओढलं. थांबा म्हणावं तर काय कारण सांगू?

साहेबानं एक कॅसेट घेतली. दुसरी घेतली. मग कव्हर बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरलं आणि काळ्या शाईतून सावकाश वाचलं. सिनेमा. साल. गायिका. कंपनीचं नाव.

“म्हणजे कळत होतं तर,” तो म्हणाला. चहाचा कप त्यानं खाली ठेवला. “धाड पडल्यावर खोडलंत. हवालदार, हे लिहून घ्या.”

“कुणी खोडलं?” हवालदारानं विचारलं.

यांनी ते कव्हर हातात घेतलं. स्केचपेन कुणाचं, हे त्यांना कळलं असणार. माझ्याकडं एकदाच बघितलं. माझ्या पदराला दोन्ही मुली धरून उभ्या होत्या.

“म्या,” हे म्हणाले.

त्यांना चपला घालू दिल्या. आतून सासूबाई विचारत होत्या, कोण आलंय गं? जीप वळवायला गल्लीत जागा नव्हती, म्हणून ती बराच वेळ दारातच पुढं-मागं होत राहिली. मला वेळ भरपूर होता. ‘मी खोडलं’ एवढे दोनच शब्द होते आणि ते तोंडात आलेही होते. मी भ्याले.