मोगऱ्याची फांदी
कोलशेतच्या आमच्या सोसायटीत बागेसाठी शेणखताचं पोतं उघडलं, की मला बाबांची डोंबिवलीतली गॅलरी आठवते. आई जाऊन महिना झालेला. तिच्या कुंड्यांमधली माती भेगाळली होती, मोगऱ्याची निम्मी पानं गळली होती आणि बाबा गॅलरीचं दारच उघडत नव्हते. मी राहायला गेलेले तेव्हा म्हणाले, "कुणाला तरी देऊन टाक सगळं. मला बघवत नाही." मी एकेक कुंडी जिन्यापाशी नेऊन ठेवत होते. जड म्हणून मोगरा तेवढा मागे राहिलेला. इतक्यात खालच्या मजल्यावरच्या काकू मातीने भरलेली कुंडी घेऊन आल्या आणि दारातच अवघडून म्हणाल्या, "भाऊजी, वहिनी मला मोगऱ्याची फांदी देणार होत्या. पावसाळ्यात लावली की जगते म्हणाल्या होत्या, म्हणून आले." बाबांनी उठून कात्री शोधली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच गॅलरीत पाऊल टाकलं. "कुठून कापू?" त्यांनी विचारलं. काकू हळूच म्हणाल्या, "पान फुटतं ना, त्या डोळ्याच्या जरा खाली, तिरकी." बाबांनी फांदी कापली, काकूंच्या कुंडीत स्वतः खोचली, माती दाबली आणि त्याच हातांनी डोळे पुसले. काकू गेल्यावर मला म्हणाले, "त्या कुंड्या आत आण गं." बाबा आजही आईबद्दल फारसं बोलत नाहीत. पण घरी आलेल्या माणसाला निघताना थांबवतात, गॅलरीतून एखादी फांदी आणून त्याच्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "हिने लावलेलं आहे."