डोंगर न चढता काढलेले फोटो

मंडळी, कसे आहात? पुण्याच्या मंदाताई, मोतीबिंदूची पट्टी सुटली का? धारवाडचे बापू, साखर आवरलीत, की चोरून पेढे चालूच? आणि सुमन, तुझा खोकला गेला का गं? आम्ही बसवनगुडीत बरे आहोत. हिच्या गुडघ्यांचं तेवढं तेच रडगाणं.

गेल्या सहलीत मी डोंगरावर आणि ही खाली गाडीत, असं झालं. परतताना म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही एकटेच जा. गाडी राखायला मी कशाला?" ते मनाला लागलं. आयुष्यभर जोडीनं हिंडलो, आता एकट्यानं हिंडायला मन घेईना. म्हणून गाडीतूनच होईल अशी सहल ठरवली. हाताशी लांब लेन्स होती. ती दूरचं जवळ आणते, शिवाय मधलं अंतर चेपून टाकते. मागची-पुढची शेतं घडीच्या पोळीसारखी पदरावर पदर बसतात.

पहाटे बळ्ळारी रोडनं निघालो. विमानतळाचा फाटा गेला की रहदारी विरळ होते. देवनहळ्ळीपुढं इडली-वडा खाल्ला. दोघांचे दीडशे रुपये, आणि चटणी पुन्हा मागितली तर कुणी तोंड वाकडं करत नाही. चिक्कबळ्ळापूरच्या अलीकडं एका चढावरच्या आडरस्त्याला गाडी लावली. खाली झेंडू, द्राक्षमळे, कापलेली नाचणी आणि लाल माती.

हिनं शिवलेली, नाचणी भरलेली पिशवी बॉनेटवर ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि फोटो काढत सुटलो. बघतो तर एकूण एक फोटो पाण्यातून काढल्यासारखा. लेन्स बिघडली, की माझेच हात गेले?

"काय झालं हो?"

"सगळं थरथरतंय."

"बॉनेटला हात लावून बघा."

चटकाच बसला! इंजिनची गरम हवा लेन्ससमोरूनच वर जात होती.

"तव्यावर काय मांडलंय? इकडं माझ्या खिडकीत आणा."

काच खाली केली, पिशवी काठावर ठेवली. पण तिथं ही बसलेली, मला वाकायला जागाच नाही. म्हटलं, "तूच बघ. स्वल्प डावीकडं."

"अय्यो, आकाश कुठाय?"

"नकोच आकाश."

"देऊळ? झाड? तेही नको?"

"नुसते रंग आणि रेघा."

तिनं लेन्स हळूहळू इकडून तिकडं फिरवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "झेंडूचा पट्टा अगदी खाली घेते. वर सगळी लाल माती. इळकल साडीचा काठ दिसतोय बघा." आणि क्लिक!

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. "एन् सार्, सर्वेना?" बिचाऱ्याला वाटलं, शेतातून नवा रस्ता जाणार, त्याचीच मोजणी चाललीय. ही डोळा न काढता ओरडली, "इल्लप्पा, सुम्ने फोटो!" उगीच फोटो काढतोय म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. "सरी अम्मा," म्हणून हसत गेला.

जाणार असाल तर ऊन चढायच्या आत पोचा. नंतर जमीनच तापते आणि लांबचं काही धड येत नाही. इंजिन बंद ठेवा, नाहीतर गाडीबरोबर फोटोही हलतो.

घरी येऊन माझे सगळे फोटो पुसले, हिचे ठेवले. चहा घेता घेता हिनं फोनवर नकाशा उघडला. "कोलारकडं असा उंचावरून जाणारा रस्ता आहे का हो? मी गाडीतून उतरणार नाही. तुम्ही बाहेर उभं राहून ऊन अडवायचं."

मी लगेच हो म्हटलं. तेव्हा तुमच्या माहितीत असा रस्ता असेल तर लवकर लिहा. कुणाचं उत्तर आलं का, हे ती दिवसातून दोनदा विचारते.