तिसऱ्या नक्षीतला पूल

रेवा आणि ईशान,

तुमच्या कादंबरीचा मसुदा मिळाला. शांतपणे, पेन्सिल हातात घेऊन वाचला. आभाराच्या पानावर तुम्ही लिहिलंय — ‘दरीतला पूल ही आमच्या आजीची कल्पना.’ ते वाक्य काढा. पूल माझा नाही. इतकी वर्षं तुम्ही विचारलंत की मी नुसती हसायचे. आता ते छापलं जाणार, म्हणून खरं काय ते सांगते.

मी चमत्कारांवर कधीच विश्वास ठेवला नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि नुसत्या अंदाजानं लिहिलेल्या उत्तराला मार्क दिले नाहीत. तेव्हा घडलं त्याच क्रमानं वाचा.

रेवा दहा वर्षांची होती, ईशान बारा. दर रविवारी सकाळी आठ वाजता, सुरतेत आमच्या डिंडोलीच्या घरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप. मेलबर्नला रेवाची दुपार, एडमंटनला ईशानची शनिवारची रात्र. तुम्ही दोघं ग्रह रचायचात, मी तुमची कारकून. प्रत्येक पात्राला वहीत एक पान — नाव, वय, काम, कशाची भीती, डब्यात काय.

“डब्यात काय ते कशाला, आजी?” ईशाननं विचारलं.

“काय खातो ते ठाऊक नसेल, तर तो माणूस तुला कळलाच नाही.”

ग्रहावर वारा एकाच दिशेनं वाहायचा. दरीच्या एका कड्यावर रेवाची झुई, समोरच्या कड्यावर ईशानचा केम. झुई बोलली की केमला ऐकू यायचं, पण त्याचं उत्तर तिच्यापर्यंत कधीच पोचायचं नाही.

“मग ते भेटणार कधी?” रेवा म्हणाली.

“नाही भेटणार. त्या वाऱ्यात पूल टिकूच शकत नाही. सायन्स आहे ते.”

“गेलं खड्ड्यात तुझं सायन्स!” आणि रेवाचा लॅपटॉप बंद.

पुढचे तीन रविवार कुणीच आलं नाही. कुणाला होमवर्क, कुणाला बर्थडे पार्टी... तुम्ही मामे-आते भावंडं, पण प्रत्यक्षात दोनदाच भेटलेली. ही गोष्ट सुटली की तुमच्यात बोलायला काहीच उरणार नव्हतं. मला धास्ती होती ती त्याची.

ग्रहाचं चित्र मी आजोबांच्या ग्राफ पेपरवर काढलं होतं. त्यांनी जन्मभर जेकार्ड या विणायच्या मशीनवरच्या नक्षीचे ग्राफ भरले — एक चौकट, एक धागा. त्यांचं बघून मीही चौकटी भरूनच काढलं : दोन कडे, वर घरं, मधे मोकळी दरी. त्याच दिवसांत त्यांच्या हाताखाली शिकलेला खानदेशचा भगवान आला. सुरतेतच बमरोलीला त्याचं एक जुनं मशीन होतं, त्याला साडीच्या काठाची जुनी डिझाइनं हवी होती. आजोबांनी कपाटातली गुंडाळी उचलून दिली. माझा ग्रह त्याच गुंडाळीत गेला!

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी भगवान चार मीटर विणलेला काठ घेऊन हजर.

“काका, हाई डिझाइन लई भारी! व्यापारी इचारस, कोनतं मंदिर शे?”

“अरे, मंदिर कसलं? आमच्या हिचा ग्रह आहे तो!” आजोबांना हसता हसता ठसका लागला.

मीही हसले. काठ हातात घेतला. कडे, दरी, कडे... पुन्हा तेच... आणि तिसऱ्या नक्षीत दरीच्या अगदी तळाशी एक पूल. अकरा कमानी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. पुढच्या नक्षीत नाही, त्यापुढच्या एकीतही नाही. काठ उलटा करून भिंगातून पाहिला. मागून टाके घातलेले नव्हते. पूल विणलेलाच होता.

“मशीनची सुई अडकली असेल,” मी म्हटलं.

“मग काठभर रेघ येईल. कमानी नाही येत,” आजोबा म्हणाले. आता ते हसत नव्हते.

त्या मशीनवर ग्राफवरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची, म्हणजे कार्डांची, माळ फिरते. दर फेरीला तेच पुठ्ठे, म्हणून तीच नक्षी. मी दोघांकडे मास्तरणीच्या नजरेनं पाहिलं.

“मावशी, कार्ड त्याच शेतस,” भगवान म्हणाला. “यामां मन्हा हात नही शे.”

“माझ्याकडे काय बघतेस?” आजोबा म्हणाले. “मला अकरा कमानी भरायच्या तर आठवडा लागेल. आणि मग मी तुला बिल देईन!”

मी तशीच भगवानबरोबर रिक्षात बसून बमरोलीला गेले. मशीनपाशी उभी राहून वीस नक्ष्या विणताना पाहिल्या. पूल एकदाही आला नाही.

घरी आल्यावर फोटो काढून तुम्हा दोघांना पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोघंही हजर.

“आजी, हा कुणी काढला?” ईशाननं विचारलं. मग फोटो मोठा करून पाहत म्हणाला, “म्हणजे... इतक्या खाली वारा पोचतच नसेल.”

“मी म्हटलं होतं!”

“तू नुसतं पूल म्हणाली होतीस. कुठे ते नव्हतं सांगितलं.”

“आता कमानी मोज, शहाण्या.”

मी तुम्हाला भांडत ठेवून पोहे फोडणीला टाकायला गेले. त्या दिवशी पोह्यांत मीठ दोनदा पडलं आणि आजोबांनी तक्रार न करता खाल्ले.

त्यानंतर मी जेकार्डच्या कारागिरांना विचारलं, मशीन दुरुस्त करणाऱ्यांनाही विचारलं. प्रत्येकानं काठ उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. स्पष्टीकरण कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

भगवानचं मशीन पुढं भंगारात गेलं, पुठ्ठ्यांची माळही गेली. भगवाननं परत दिलेला ग्राफ माझ्याकडे आहे, त्यावर पूल नाही. काठ माझ्याकडे आहे, त्यात पूल आहे.