कामठीतली कुलूपबंद घरं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आज छाती अभिमानानं भरून आलीय — आणि त्याच छातीत काहीतरी टोचतंय.

नागपुरात मी सरकारी रोजगार-पाहणीचं काम करतो. दारोदार जायचं, घरात कोण काय काम करतं ते विचारायचं. घरं आपण निवडायची नसतात; चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. मूठभर घरांवरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधतात, तो याच भरवशावर. निघालेल्या घराला कुलूप असेल तर? पुन्हा जायचं. शेजारचं घ्यायचं नाही.

मी घेत होतो. कामठीच्या उन्हात हेलपाटे कोण घालणार? शेजारचं दार उघडं, वर थंड पाणी. काम सगळ्यांच्या आधी संपायचं, साहेब शाबासकी द्यायचे!

त्याच वस्तीतली वेगळी घरं वैशालीकडे होती — नवीच लागलेली पोरगी, कामाचे नियम मीच समजावलेले. पडताळा घेता यावा म्हणून एकच वस्ती दोघांना मुद्दामच देतात. आकडे साधारण जुळायला हवेत. ते जुळले नाहीत. माझ्याकडे बेकारच बेकार, तिच्याकडे कामावरची माणसं. मला लगेच उमगलं. भरदुपारी दार उघडं कुणाचं असतं? ज्याला काम नाही, त्याचंच ना?

"काहून गा, एवढा फरक कसा?" साहेबांनी विचारलं. आणि मी — हो, मीच — म्हणालो, "नवीन आहे ते पोरगी. घरी बसूनच फॉर्म भरले असन."

तिची नोकरी टांगणीला लागली. रडली नाही. साहेबांनाच संध्याकाळी सोबत घेऊन त्याच घरांत पुन्हा गेली. प्रत्येक उत्तर खरं निघालं! माझी घरं मग मला पुन्हा करावी लागली, कुलूपबंद होती तीही — आकडे तिच्याशी जुळले. जुन्या माणसाची नजरचूक म्हणून साहेबांनी सोडून दिलं. तिच्यावर आळ कुणी घेतला, हे तिला कधीच कळलं नाही.

आज ती नव्या पोरांना शिकवायला उभी होती. "कुलूप दिसलं की सोडून देऊ नका गा. तिथलेच लोक कामावर गेले राहतात." काय आवाज, काय रुबाब! गणित खरं ठरलं होतं, ती खरी ठरली होती. मला आनंद मावेना.

मग तिनं माझ्याकडे हात केला. "हे मले पहिल्या दिवशी सरांनीच शिकवलं."

सगळे वळले. टाळ्या सुरू झाल्या. मी उठलो, हसलो — आणि त्या घेतल्या.