वन्संची सही

आमच्या शेजारची ती पोरगी विद्यापीठात अपंगत्वाचा अभ्यास करते. सोलापूरच्या उन्हात कुबड्या टेकत घरोघर मुलाखती घेत फिरते. स्वतः प्रश्न विचारला की समोरच्याला बोलू देते. उत्तराला कितीही वेळ लागो, घड्याळाकडे बघत नाही.

परवा ती आमच्या घरी माझ्या नणंदेकडे आली. लहानपणीच पोलिओनं वन्संचा पाय गेला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या वतीनं बोलायचा मक्ता माझाच. पाहुणे आले की मी वन्संना आत बसवायची आणि वर स्वतःला मायाळू समजायची, एवढी मी शहाणी! त्याच सवयीनं मुलाखतीच्या संमतीपत्रावरही मीच झोकात सही ठोकली.

पोरीनं तो कागद बाजूला ठेवून कोरा काढला. "आजी, सही ह्यांची पायजे. आन् तुमी जरा आत बसा की."

मला आत बसवलं! दाराआडून कान लावला. पोरगी त्यांच्या शिकण्याबद्दल विचारत होती. मग वन्सं म्हणाल्या, "मला शिवणकाम नव्हतं शिकायचं गं. गणित शिकायचं होतं. अजून जमंल का?"

"न जमायला काय झालं?" पोरगी म्हणाली.

मग वन्सं जे सुटल्या! मी चहा दोनदा गरम केला, पण बाहेर काही नेला नाही.