कुंकू लागलेला बोर्ड

अमरावतीत शाकीबभाईंना ओळखणारा कुणीही एक गोष्ट हमखास सांगेल. या माणसाने उभ्या जन्मात गरम चहा प्यायलेला नाही. कप हातात येतो आणि तेवढ्यात त्यांना आठवतं, अमक्या कारखान्यातल्या बोर्डाचा तो शेवटचा स्क्रू आपण पिळला होता की नाही? मग चहावर साय धरते आणि शाकीबभाईंच्या कपाळावर आठ्या. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण त्यांच्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

वडील अब्दुल गफ्फार रेडिओ दुरुस्त करायचे, शाकीबभाई टीव्ही दुरुस्त करू लागले. पुढे टीव्ही चपटे झाले, बिघडले की लोक फेकून नवे आणू लागले आणि दुकान बसलं. मग ते कारखान्यांतले जळके बोर्ड हाती घेऊ लागले. यंत्राने कधी चालायचं, कधी थांबायचं, हे ठरवणारा बोर्ड म्हणजे यंत्राचा मेंदू. पण कंपन्यांचे बोर्ड असे लबाड, की आतल्या भागांवर काळं डांबरासारखं काहीतरी ओतून ठेवलेलं. आत काय आहे ते कुणाला कळू नये, जळला की नवाच घ्यावा. शाकीबभाईंना या डांबराचा भयंकर राग. माणसाने माणसापासून अक्कल झाकून ठेवावी, हे त्यांना हरामच वाटायचं.

आणि एके दिवशी इंटरनेटवर त्यांना अशाच एका बोर्डाचा नकाशा उघडा सापडला. परक्या मुलखातल्या कुणी कुणी मिळून तो केला होता आणि खाली लिहिलं होतं, घ्या, बनवा, काही सुधारलंत तर बाकीच्यांना सांगा. शाकीबभाईंचा महिनाभर विश्वासच बसेना. फुकट म्हणजे काहीतरी भानगड असणारच! शेवटी त्यांची बायको कहकशाँ वैतागून म्हणाली, "अजी, बनाके तो देखो. फाशी थोडीच देंगे."

मग घरातच कारखाना सुरू झाला. गुळगुळीत कागदावर छापलेला नकाशा तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि वरून कपड्यांची इस्त्री फिरवायची, की काळ्या रेघा तांब्यावर उतरतात. हे काम कहकशाँचं. शाकीबभाईंचा हात काळजीने थरथरायचा आणि रेघ फाटायची. तिचा हात कधी हलला नाही. पुढे पत्रा तेजाबाच्या टबात, मग बारीक भोकं, मग एकेक भाग डाग देऊन जोडायचा. वऱ्हाडातली वीज कशी उड्या मारते ते परक्यांना काय ठाऊक? शाकीबभाईंनी त्यासाठी नकाशात आपली भर घातली आणि ती इमानाने इंटरनेटवर परत टाकली. आपल्या बोर्डावर मात्र त्यांनी डांबर सोडाच, साधं झाकणही बसवलं नाही. लोखंडी डबा उघडला की सगळं समोर दिसावं, उद्या आपण नसलो तर दुसऱ्याला दुरुस्त करता यावं. हा त्यांचा अभिमान होता.

अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये एक बोर्ड लागला, नांदगाव पेठेत एक लागला, असे लागत गेले. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्याच्या पुढच्या वर्षी धामणगाव रेल्वेहून गोवर्धनशेठचा फोन आला. शेठची कापसातून सरकी काढायची जिनिंग आणि रुईच्या गाठी बांधायची प्रेस. प्रेसचा कंपनीचा बोर्ड जळालेला. आधीच्या हंगामात कापूसच आला नव्हता, नवा बोर्ड परवडण्यातला नव्हता. शेठ म्हणाले, "तुमच्याच्यानं होत असन तर करा, नाई तं यंदा कुलूप लावतो." कुलूप म्हणजे तिथली सगळी माणसं कामासाठी सुरतेच्या गाडीत. त्यांत प्रेसवरचा देवीदास आणि रुईतला कचरा वेचणारी त्याची बायको जमुना.

शाकीबभाईंनी प्रेस पाहिली आणि त्यांची झोप उडाली. डाळ मिलचा बोर्ड चुकला तर डाळ सांडते. इथे देवीदास पेटीचं दार उघडून खांद्यापर्यंत हात आत घालायचा, तळाला गाठीचं कापड अंथरायला. वर दट्ट्या, म्हशीएवढा लोखंडी ठोकळा. दार उघडं असताना दट्ट्या हलता कामा नये, आणि ही राखण आता शाकीबभाईंच्या बोर्डाकडे. त्यांनी दार उघडून झाकून इतक्यांदा पाहिलं, की देवीदास हसून म्हणाला, "भाऊ, दाराचं बिजागर झिजवता का?" काम चोख झालं होतं. दसऱ्याला मुहूर्ताची गाठ काढायचं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी शेठचा फोन आला तो आनंदाचाच. "या शाकीबभाई, पुरणपोळी हाय. पूजा झक्कास झाली. वजनकाट्याले कुंकू, मोटारीले कुंकू, प्रेसले कुंकू. तुमचा बोर्ड नवा ना, त्याच्या डब्यावर काऊन लावाचं? डबा उघडून त्यालेच लावलं. सव्वाशीनीच्या हातानं. जमुनानं."

शाकीबभाईंच्या हातात कप होता. "ओलं कुंकू?"

"आता कोरडं चिकटते का?"

"कुठं लावलं, शेठजी?"

"बरोब्बर मधात! वर अक्षता."

बोर्डाच्या बरोब्बर मध्ये, दार बंद आहे की उघडं हे सांगणाऱ्या दाराच्या तारेची रेघ होती, आणि तिच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याइतक्या अंतरावर, विजेची. ओल्या कुंकवातून वीज झिरपते. ती दाराच्या रेघेत उतरली, की दार उघडं असलं तरी बोर्डाला ते बंदच वाटणार.

वाक्य तोंडात आलं होतं, शेठजी, ते कुंकू पुसा. पण दसऱ्याच्या दिवशी, सवाष्णीने लावलेलं कुंकू पुसा म्हणायचं? आणि म्हणणार कोण, तर शाकीब वल्द अब्दुल गफ्फार? एरवी कुणी मनावर घेतलं नसतं, पण दिवस असे होते की ते वाक्य त्यांनी गिळलं. ते एवढंच म्हणाले, "शेठजी, मी आल्याशिवाय प्रेस चालू नका करू. थोडं काम राहिलं हाय."

"राहिलं? परवा तं म्हने पक्कं झालं! मानसं जेवून राहिली. जेवनं झाली की एक गाठ काढतोच. मुहूर्त टळते ना भाऊ." फोन ठेवला गेला. नंतर लावला तर वाजत राहिला, उचलेना कुणी.

चांदूर रेल्वेच्या रस्त्याला शाकीबभाईंनी मोटारसायकल अशी कधी हाकली नव्हती. पुरणपोळीचं जेवण किती वेळ चालतं? आग्रह झाला तर लांबेल. या अल्ला, आज खूप आग्रह होऊ दे. देवीदास कसा जेवतो, सावकाश की भराभर? दाराची तार बोर्डात न घेता सरळ मोटारीच्या लाईनीतच घातली असती, तर दार उघडताच मोटारीची वीज तुटली असती, बोर्ड चुकला तरी मोटार हलली नसती. हे तेव्हाही सुचलं होतं, पण बोर्डावरच भरवसा ठेवला. चांदूरला फाटक बंद होतं. मालगाडी संपेचना आणि शाकीबभाईंना भर रस्त्यात रडू आलं.

जिनिंगच्या आवारात पत्रावळी उचलल्या जात होत्या. आतून मोटारीची घरघर येत होती. शाकीबभाई धावत शेडमध्ये शिरले. दार उघडं होतं आणि देवीदास कापड घेऊन वाकला होता. त्यांनी कुणाशी शब्द न बोलता मेनचा खटका खाली ओढला.

घरघर थांबली आणि आरडाओरडा सुरू झाला. "मुहूर्ताची मशीन बंद केली? सनासुदीले?" शेठचा चेहरा लाल झाला. शाकीबभाईंना धाप लागली होती. त्यांनी देवीदासला दंडाला धरून मागे ओढलं, कोपऱ्यातली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची, जुडी उचलून पेटीत आडवी टाकली, दार सताड उघडं ठेवलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि खटका वर करून बटण दाबलं.

दट्ट्या खाली आला. उघड्या दारातून सगळ्यांनी पाहिलं. पऱ्हाट्या कडाकड मोडल्या आणि जुडी भाकरीएवढी जाड उरली. शाकीबभाईंनी मेन बंद केला. देवीदास आपल्या उजव्या हाताकडे बघत खालीच बसला.

"कायच्यानं झालं हे?" शेठनी हळूच विचारलं.

शाकीबभाईंनी डबा उघडला आणि बोट दाखवलं. लाल टिळा अजून ओला होता. काय करायला हवं ते आता सगळ्यांना कळलं होतं, पण हात कुणाचाच पुढे होईना. शेठ इकडे तिकडे बघू लागले. शाकीबभाईंनी खिशातला रुमाल काढला आणि तसाच मुठीत धरून ठेवला. तेवढ्यात बायकांमधून जमुना पुढे आली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"अवं जमुना, तू नको," मागून कुणीतरी म्हणालं. "सनाच्या दिवशी आपल्या हातानं पुसते का?"

"मंग कोन पुसन?" जमुना फिरून म्हणाली. "याइचा हात तुटल्यावर पुसू? म्याच लावलं, म्याच पुसते."

तिने पुसलं. शाकीबभाईंनी मागून स्पिरिटने बोर्ड लख्ख केला, दाराची तार मोटारीच्या लाईनीत सरळ घातली, आणि शेठच्या ऑफिसातल्या अॅक्रिलिकच्या तुकड्याचं आरपार दिसणारं झाकण बोर्डावर बसवलं. मग दार उघडं ठेवून जुड्यांवर जुड्या टाकून पाहिल्या. दट्ट्या हलला नाही. उन्हं कलता कलता गाठ निघाली आणि शेठनी स्वतः ताट वाढून आणलं.

परतताना चांदूरच्या अलीकडे त्यांना घरोघरचे दरवाजे दिसले. झेंडूची तोरणं, दारात उभ्या ट्रॅक्टरला हार, पिठाच्या गिरणीला हार, रसवंतीच्या चरकाला कुंकू. शाकीबभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दसरा काही एकट्या धामणगावचा नव्हता. त्यांचे बिनझाकणाचे बोर्ड कुठे कुठे लागलेले होते, आणि तो नकाशा घेऊन कुणी कुठे बनवले असतील त्याचा तर पत्ताच नव्हता. त्यांनी अकोल्याला फोन लावला.

"खुशालराव, दसऱ्याची पूजा झाली का?"

"झाली ना! सकाळीच," डाळ मिलचे खुशालराव खुशीत म्हणाले. "आन तुमच्या बोर्डाले तं सगळ्याइच्या आधी कुंकू लावलं."

शाकीबभाईंनी डोळे मिटले. "खुशालराव, मेन बंद करा, आन ते कुंकू पुसून टाका. आत्ताच्या आत्ता."